सहीपुरती मॅडम

माझ्या डिग्रीचं नाव आमच्या घरात एकालाही धड घेता येत नाही. ऑप्टोमेट्री. आई ‘ऑप्टो’पर्यंत येते आणि उरलेलं हाताने हवेत काढून दाखवते. बाबा भेटेल त्याला ‘मुलगी डोळ्यांची डॉक्टर झाली’ असं ठोकून देतात. मी म्हणते, ‘बाबा, डॉक्टर नाही हो, मी डोळे तपासते, ऑपरेशन करत नाही,’ की समोरच्याचा चेहरा लगेच पडतो आणि तो विषय बदलतो. आत्या तर तोंडावरच म्हणाली, "म्हणजे चष्म्याच्या दुकानात बसणार ना? मग त्याला एवढं शिकायला कशाला हवं? आमच्या गल्लीतला चष्मेवाला शाळेत कधी गेला होता?" घ्या! एवढी वर्षं भिंगं, स्नायू आणि शिरा घोकून मी त्या चष्मेवाल्याच्याही एक पायरी खालीच.

नोकरी शोधायला निघाले तर जिथे जाईन तिथे एकच प्रश्न. अनुभव किती? मी म्हणायची, आत्ताच पास झालेय. मग अनुभव घेऊन या. अहो, कुठून आणू? तो काय बाजारात किलोवर मिळतो? एका मोठ्या दवाखान्यात मला पेशंटची नावं पुकारायचं आणि डोळ्यांत थेंब घालायचं काम देऊ केलं, वर ‘शिकायला मिळेल’ असं ऐकवलं. थेंब घालायला शिकायला! मी हात जोडले आणि बाहेर पडले.

अशात एका चष्म्याच्या दुकानाचे मालक भेटले. त्यांनी ना मार्कं विचारली ना अनुभव. समोर एक कोरा कागद सरकवला आणि म्हणाले, "सही करा." मी केली. त्यांनी ती जवळ धरून पाहिली, लांब धरून पाहिली आणि खूश झाले. "सुटसुटीत आहे. उद्यापासून या, मॅडम." मी मूर्ख, वाटलं माणसाला माणसाची पारख आहे.

पारख होतीच, पण सहीची. आमच्याकडे गाडी चालवून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी नजरेचा दाखला काढावा लागतो. रिक्षावाले, ट्रकवाले, शाळेच्या व्हॅनवाले, सगळे याच दुकानात यायचे आणि मालक स्वतःच दाखला फाडून द्यायचे. मग नियम बदलला. दाखल्यावर डिग्रीवाल्याचीच सही हवी. मालकांना डोळे तपासणारी नको होती, सही करणारी हवी होती, आणि मी तेवढ्यात स्वस्तात सापडले. गिऱ्हाईक समोर असलं की मी मॅडम. गिऱ्हाईक पायरी उतरलं की "अगं पोरी, जरा त्या काचा पुसून घे."

दुकान बोळासारखं अरुंद. दोन्ही भिंतींवर फ्रेमा, दाराशी गॉगलची जाहिरात करणारी पुठ्ठ्याची एक हसरी बाई, माणसाएवढी उंच. मागे पडदा, पडद्यामागे तपासणीची खोली, आणि खोलीत कुठल्याशा बंद पडलेल्या सलूनमधून उचलून आणलेली खुर्ची. तिला अजून डोकं टेकायची गादी होती. माणूस बसला की आपोआप मान मागे टाकायचा आणि डोळे मिटायचा. डोळे तपासायला आलेल्याला आधी डोळे उघडा म्हणून सांगावं लागायचं.

पहिल्या दिवशी पहिल्या आल्या त्या एक मावशी. मी तक्त्याकडे बोट दाखवायच्या आत त्यांनी सुरुवात केली. अजून त्या खुर्चीत नीट बसल्याही नव्हत्या, तक्त्याकडे पाठ होती आणि हात पिशवीत रुमाल शोधत होता.

"प, र, ट, न, ल, ग. झाला हा डोळा. आता दुसरा. प, र, ट, न, ल, ग."

"अहो मावशी, तक्ता तुमच्या मागे आहे!"

"असू दे की. मला पाठ आहे."

नंतर कळलं, तो तक्ता दुकान उघडलं तेव्हापासून तिथेच लटकलेला. सबंध वस्तीला तोंडपाठ. गल्लीतली पोरं लपाछपीत राज्य कुणावर हे ठरवायला ‘परटनलग’ म्हणतात. माणसं खुर्चीत बसायची, शेवटची ओळ धडाधड म्हणायची आणि मालक म्हणायचे, वा, नजर काय आहे! मग नजर कशीही असो, हौस म्हणून एक फ्रेम घेऊन माणूस आनंदाने घरी. मी मालकांना म्हटलं, हा तक्ता बदलायला हवा. ते असे दचकले, की मी जणू दुकानाचं छप्परच काढायला निघाले होते. म्हणाले, "अगं पोरी, लोकांना सवय आहे त्याची. आपलेपणा वाटतो."

मी गप्प बसणाऱ्यातली असते तर आत्याची लाडकी असते. दुसऱ्या दिवशी कॉलेजातला माझा तक्ता आणला आणि जुना उतरवून त्या जागी टांगला. अक्षरं वेगळी, ओळी वेगळ्या.

आणि काय सांगू! एका दिवसात सगळ्या वस्तीची नजर गेली. जो तो पहिली मोठी ओळ वाचायचा, दुसरीला अडखळायचा आणि तिसरीला माझ्यावर चिडायचा. रिटायर झालेले एक हेडमास्तर उठून तक्त्याला नाक लावून आले आणि म्हणाले, "छपाई पुसट आहे. छापणाऱ्याकडे तक्रार करा." एका बाईंनी मला विचारलं, "काल तर मला दिसत होतं, तुम्ही काय केलंत?" संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, की दुकानात डोळे बिघडवणारी मुलगी आली आहे. मालकांनी मला पडद्यामागे नेऊन असं काही झापलं की काय सांगू. माझ्या आईवडिलांचा, कॉलेजचा आणि एकूणच शिकलेल्या जमातीचा उद्धार झाला.

पण चिडलेले लोक करणार काय? दिसत नव्हतं हे तर खरंच होतं. नाक मुरडत मुरडत ते फ्रेमांकडे वळले. नंबरचे चष्मे विकले जायला लागले. मग मालकांनी माझ्याकडे नव्या नजरेने पाहिलं. आठवडा उलटायच्या आत माझ्या तक्त्याला काचेची चौकट आली, मालकांनी तो स्वतःच्या रुमालाने पुसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "आमच्याकडे शास्त्रशुद्ध तपासणी होते. मी मुद्दाम बदलून घेतला."

जुना तक्ता मात्र त्यांनी फेकला नाही. दाखल्यांचा हंगाम आला तेव्हा तो कपाटामागून बाहेर निघाला.

"गिऱ्हाईकाला नवा, दाखल्याला जुना," मालक म्हणाले. इतक्या सहज, जणू कप गिऱ्हाईकाला काचेचा आणि नोकराला स्टीलचा असं सांगत असावेत.

"का म्हणून?"

"अगं, चष्मा लागला तर गिऱ्हाईक चष्मा घेतं. दाखला नाही मिळाला तर ड्रायव्हर पलीकडच्या दुकानात जातो. डोकं वापर जरा."

मी डोकं वापरलं. त्यांच्याशी नीतीच्या गोष्टी करून उपयोग नव्हता, म्हणून नफ्याच्या केल्या. म्हटलं, ड्रायव्हर नव्या तक्त्यावर तपासू, ज्याला लागेल त्याला चष्मा देऊ, चष्म्याने दिसलं की दाखला देऊ. चष्माही खपला, दाखलाही गेला. मालकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती युक्ती त्यांनी दुपारपर्यंत स्वतःच्या नावावर खपवली, पण ठीक आहे. रिक्षावाले कुरकुरले, ट्रकवाल्यांनी शिव्या घातल्या, पण एकेकाच्या नाकावर चष्मा चढला आणि मी बेधडक सह्या केल्या. एक ट्रकवाला तर दोन दिवसांनी परत आला आणि म्हणाला, "मॅडम, रस्त्याला पांढरे पट्टे मारलेत हो!" पट्टे कायमचेच होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण शिकलो ते फुकट गेलं नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग हिरो आला.

हिरो म्हणजे मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. शाळेची व्हॅन चालवतो. वस्तीतली सगळी पोरं त्याच्याच गाडीत जातात आणि त्याला हिरोमामा म्हणतात. मालक दुकानाच्याच वर राहतात, त्यांची नातही रोज सकाळी दुकानापुढूनच त्या गाडीत चढते. हिरो नाव पडलं ते काळ्या गॉगलमुळे. उन्हात गॉगल, ढगात गॉगल, लग्नाच्या फोटोत गॉगल. माणूस गोड. आल्या आल्या त्याने पुठ्ठ्याच्या बाईला सलाम ठोकला आणि खुर्चीत बसून सुरू झाला, "प, र, ट..."

"तो तक्ता गेला," मी म्हटलं. "आणि गॉगल काढा."

"गॉगल काढला तर हिरो कसला?"

काढला. आतल्या मंद उजेडात नव्या तक्त्याच्या अर्ध्या ओळी त्याने वाचल्या, उरलेल्या थट्टेवारी नेल्या. मी भिंगं बदलून पाहिली. ही घाला, ती घाला, काही फरक नाही. मी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं. दोन्ही डोळ्यांतल्या भिंगांच्या मागच्या अंगाला, अगदी मधोमध, धुरकट डाग धरला होता.

मोतीबिंदूचा हा एक खोडसाळ प्रकार असतो. सावलीत बाहुली मोठी होते, माणूस डागाच्या कडेकडेने बघतो आणि त्याचं चालून जातं. उन्हात आला की बाहुली बारीक होते आणि डाग नेमका तिच्या तोंडावर येतो. म्हणजे अंधारात बरं दिसतं आणि भर उजेडात काही नाही. तो गॉगल हौसेचा नव्हता. गॉगलशिवाय त्याला उन्हात डोळेच उघडता येत नव्हते, आणि गॉगल लावूनही फार काही दिसत नसणार.

मी त्याला दाराशी आणलं. दुपारचं ऊन थेट तोंडावर. म्हटलं, "समोर कोण आहे सांगा."

त्याने डोळे किलकिले केले. मग ऐटीत हसला आणि अदबीने बाजूला झाला. "या ताई, आत या. भाऊजी आत आहेत."

समोर पुठ्ठ्याची बाई होती. मालक हसले. त्यांना वाटलं, मेहुणा नेहमीसारखी मस्करी करतोय. मी हिरोचा चेहरा पाहत होते. तो ताईच्या उत्तराची वाट बघत होता.

आत नेऊन मी त्याला नीट समजावलं. ऑपरेशन करून घ्या, साधं असतं, बहुतेकांना पूर्वीसारखं दिसायला लागतं. तोवर गाडी बंद. हिरोचा रंग उडाला. "डोळ्यात सुई घालतात म्हणे? नको बाई. आणि मी गाडी बंद ठेवली तर दुसरा कोणीतरी माझा रूट घेईल." मग एकदम माझा हात धरून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? मला रस्ता पाठ आहे. खड्डा न् खड्डा. डोळे मिटून नेईन."

"डोळे मिटूनच नेताय! रस्ता पाठ असेल हो, पोरं पाठ आहेत का? पोरं रोज एकाच जागी उभी राहतात का?"

त्याने गॉगल चढवला आणि बाहेर मेहुण्यांच्या शेजारी जाऊन बसला. मी दाखला कोरा ठेवला.

मग जे सुरू झालं, ते कुठल्याही पुस्तकात शिकवत नाहीत. आधी मालक आले. लाडीगोडी. "मॅडम," म्हणाले, गिऱ्हाईक नसताना! "घरचा माणूस आहे. सही करून टाका, पुढच्या सुट्टीत करू की ऑपरेशन." मी म्हटलं, "मालक, तुमची नात त्याच गाडीत जाते." त्यांनी वर, घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "इतके दिवस जातेय, काही झालंय?" मी म्हटलं, "व्हायची वाट बघायची का?" लाडीगोडी संपली.

नंतर मालकीणबाई वरून खाली उतरल्या. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. "कालची पोर तू, माझ्या भावाच्या पोटावर पाय देतेस? एवढी मोठी डॉक्टर आहेस तर स्वतःचा दवाखाना का नाही काढलास?" मी म्हटलं, "मी डॉक्टर नाही." त्या म्हणाल्या, "हो ना? मग!" वाद घालायला समोरच्याला निदान ऐकू तरी यायला हवं.

घरी आई ताट वाढताना म्हणाली, "कर की बाई सही. सगळ्यांशी पंगा घेऊन कसं व्हायचं? पहिलीच नोकरी." मी बाबांकडे पाहिलं. बाबा घास मोडता मोडता म्हणाले, "तुला काय वाटतं ते तूच ठरव. तू डोळ्यांची डॉक्टर आहेस." मला रडूच आलं. पहिल्यांदाच मी त्यांना टोकलं नाही.

सही केली नाही. मालकांनी मला काढलं. फार सभ्यपणे काढलं, म्हणजे माझा तक्ता ठेवून घेतला आणि मला जायला सांगितलं. तक्ता माझा आहे म्हटल्यावर म्हणाले, "चौकट माझी आहे."

मला वाटलं, ठीक आहे, निदान दाखला तरी अडकला. तो एका दुपारीत सुटला. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात माझाच एक वर्गमित्र लागला होता. परीक्षेत माझ्या मागे बसायचा आणि त्याची मान माझ्या खांद्यावर असायची, इतकी की मला त्याच्या श्वासाची सवय झाली होती. त्याने सही केली. मी जाऊन भिडले तर म्हणतो, "अगं, सही काय, हात थोडाच दुखतो? तो म्हणाला दिसतं, मी म्हटलं दिसत असेल. तू ना, कॉलेजातून बाहेर पडलीच नाहीस."

"तू तरी आत कधी शिरलास?" मी म्हटलं आणि निघाले. पण शब्दाने काय होतं? दाखला निघाला होता.

तिथून सरळ दाखल्यांच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कान कोरत. मग विचारलं, "दाखला आहे का त्याच्याकडे?"

"आहे, पण त्याला दिसत नाही."

"दाखला आहे म्हणजे दिसतं." आणि खिडकी खाली ओढली.

रात्रभर माझं डोकं भणभणत होतं. सकाळची शाळा, शाळेचा रस्ता सरळ उगवतीकडे, ऊन काचेवर. त्या रस्त्यावर चौक आहे, चौकात भाजीची गाडी असते, पोरं मधूनच पळतात. मला सारखी ती पुठ्ठ्याची बाई दिसत होती आणि तिच्या जागी कोणाकोणाला तरी उभं करून मी दचकत होते. भीती वाटत होती मला.

उजाडल्यावर मी दुकानापुढे जाऊन उभी राहिले. दुकान बंद होतं. व्हॅन लागली होती, हिरो गॉगल लावून स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता, आणि आया-बाप पोरांना आत चढवत होते. दप्तरं, डबे, कोणाच्या बुटाची नाडी सुटलेली. मी एकेकीला गाठून सांगायला लागले. याला उन्हात दिसत नाही. पोरांना पाठवू नका. मी तपासलंय.

"तूच ना ती, डोळे बिघडवणारी?" एक आई म्हणाली.

"दाखला आहे त्याच्याकडे, काचेवर चिकटवलाय, बघ," एक वडील म्हणाले. "नवाकोरा आहे."

"कामावरून काढलं म्हणून राग काढतेय गं," तिसरी हळूच चौथीला म्हणाली, पण मला ऐकू यावं इतपतच हळू. आणि हेडमास्तर, जे नातवाला सोडायला आले होते, ते मला समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाळ, त्या दिवशी छपाई खरंच पुसट होती."

संताप, संताप झाला माझा. माझी डिग्री त्यांच्यासमोर नाचवली असती तरी त्यांनी तिच्यावर डबा ठेवला असता. पोरं चढत होती. आतून गाणी, भांडणं, एकाने दुसऱ्याची टोपी पळवली.

तेवढ्यात शेजारच्या बोळातून स्कूटर बाहेर आली. मालक. पुढे पायांत नात उभी, गणवेशात, पाठीला दप्तर. मला पाहिलं आणि त्यांनी वेग वाढवायचा प्रयत्न केला, पण समोर व्हॅन आणि आयांची गर्दी. थांबावंच लागलं.

मी मोठ्याने विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मालक, नात आज व्हॅनमध्ये नाही?"

"हां, ते..." मालक म्हणाले. "मला त्याच बाजूला काम आहे."

"आजोबा, मला व्हॅननेच जायचंय," नात म्हणाली. "माझ्या मैत्रिणी आहेत."

"गप्प बस."

"पण का नाही जायचं? काल पण नाही, आज पण नाही."

"म्हटलं ना, गप्प बस!"

ते जरा जास्तच जोरात म्हणाले. नातीने ओठ काढला. आया मालकांकडे बघत होत्या. मालक स्कूटरच्या आरशाकडे बघत होते. माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्याची गरजही नव्हती. मी घसा फोडून सांगितलं ते कोणाच्या कानात शिरलं नाही. पण चष्मेवाल्याने स्वतःची नात सख्ख्या मेहुण्याच्या गाडीतून काढून घेतली आहे, हे समजायला कोणाला डिग्री लागत नव्हती.

मला डोळे बिघडवणारी म्हणणारी आई आधी हलली. काही न बोलता ती व्हॅनच्या मागच्या दाराशी गेली, आपल्या मुलाला दंडाला धरून खाली उतरवलं आणि तोंडावर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. मग दुसरी गेली. मग हेडमास्तर, नातवाचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन. भांडण नाही, आरडाओरडा नाही. हिरो सगळ्यांचा लाडका, त्याच्या तोंडावर बोलायची कोणाला हिंमत नव्हती. आयांनी डोळे वटारले तशी पोरंही गपचूप उतरली. शेवटच्याने पळवलेली टोपी ज्याची त्याला परत दिली आणि फुटपाथवर जाऊन उभा राहिला. गाडी रिकामी झाली.

हिरोच्या तोंडावर समोरून कोवळं ऊन पडलं होतं. त्याने गाडी सुरू केली, गॉगल नीट केला आणि नेहमीच्या झोकात वरच्या आरशात बघितलं. त्या आरशात रिकामी बाकं होती.

तो प्रेमाने हसला. "वा रे वा! आज कशी शहाण्यासारखी बसलीत सगळी!"

एका आईने तोंडावर पदर दाबला. हिरोने गिअर टाकला.

मी गाडीकडे धावले, पण मालक माझ्याआधी पोहोचले. स्कूटर आडवी पडली, नात माझ्या अंगावर ढकलली गेली, आणि मालकांनी खिडकीतून हात घालून गाडीची किल्ली उपटून काढली. दोघांच्या तोंडात हातभराचंही अंतर नव्हतं.

हिरोने मान त्यांच्याकडे वळवली, उन्हातच. "कोण आहे?" त्याने विचारलं.

मालकांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी आहे," ते म्हणाले. "उतर खाली."